वैद्यकविद्या आणि माहितीचे वहन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त खिदिरपूर येथे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर एखाद्या वैद्यकीय शिक्षकाला बोलवावे आणि त्याने ‘वैद्यकीय शिक्षणातील माहिती तंत्रज्ञान’ असा रुक्ष विषय निवडावा, यात औचित्यभंगाचे थोडेसे पातक आहे याची मला जाणीव आहे. आपल्या चिटणिसांनी निमंत्रणपत्रिका छापखान्यात देण्यापूर्वी मला दोनदा विचारले, विषय नक्की हाच ना? मी म्हटले, हाच. या सभागृहात डॉक्टर होऊ पाहणारी मुले आहेत, आणि डॉक्टरांपुढे बसून आपले दुखणे परक्या भाषेत सांगावे लागलेली माणसे तर आपण सारीच आहोत.

माहिती तंत्रज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संगणकाचा पडदा उभा राहतो. माझ्या डोळ्यांपुढे मात्र प्रथम टपालाची थैली येते. टपालखात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांनी १८७८ साली कोल्हापुरातून एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. ते त्याच्या मासिकात छापले गेले, आणि दोन वर्षांनी तो अंक न्यूजर्सीतील कार्पेंटरबाईंच्या हाती पडला, तोही दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असता! त्या योगायोगाचे पर्यवसान काय झाले हे मराठी माणसाला सांगावयास नको. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी येथून जवळच, श्रीरामपूरच्या कॉलेजात आपण अमेरिकेस का जातो हे भर सभेत सांगितले, एप्रिलात त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, आणि १८८६ साली एम.डी. झाल्या. त्या काळी वैद्यकशिक्षणाची वाट एका चुरगळलेल्या मासिकाच्या अंकातून जात होती. तो अंक बाईंच्या दृष्टीस पडला नसता तर?

हा ‘नसता तर’ माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

आपण जेथे बसलो आहोत तेथून आदिगंगा ओलांडून रेसकोर्सच्या बाजूने गेले की सेठ सुखलाल करनानी रुग्णालय लागते. जुनी माणसे त्याला अजून पी.जी. म्हणतात. १८९८ साली तेथील लहानशा प्रयोगशाळेत रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या लाळपिंडापर्यंत हिवतापाच्या परजीवीचा माग काढला. शहरात तेव्हा प्लेगची दहशत होती, बोटाला सुई टोचून घ्यायला माणसे तयार होईनात, म्हणून रॉस यांनी पक्ष्यांवर काम केले. जुलै महिन्यात एडिंबरोला ब्रिटिश वैद्यक परिषद भरली असता त्यांची वार्ता तारेने तेथे पोहोचली आणि मॅन्सन यांनी ती परिषदेपुढे मांडली. कलकत्त्याच्या एका कोपऱ्यातील ज्ञान काही दिवसांत जगाचे झाले. अर्थात रॉस यांच्यामागे मॅन्सन यांच्यासारखा वजनदार माणूस होता, हे विसरून चालणार नाही. तार तर कोणालाही करता येते. ती उघडून सभेत वाचणारा माणूस असावा लागतो.

असा माणूस ज्यांना लाभला नाही, त्यांची कथा मला अधिक जवळची वाटते. डॉ. शंभुनाथ दे हे विकृतिशास्त्राचे अध्यापक. मीही तोच विषय आयुष्यभर शिकवला. पटकीचा जंतू शुद्ध स्वरूपात वेगळा करून तोच रोगाचे कारण असल्याचे रॉबर्ट कॉख यांनी दाखवले. हा जंतू कसले तरी विष निर्माण करीत असावा, असा तर्क त्यांनी १८८४ मध्येच केला होता. पुढे पाऊणशे वर्षे ते विष कोणाला दाखवता आले नाही, कारण बहुतेकांनी जंतूचा अर्क जनावराच्या रक्तात किंवा कातडीखाली टोचून पाहिला. दे यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांना बांधला आणि त्या बंद पोकळीत जंतू सोडले. पोकळी पाण्याने फुगली. मग त्यांनी जंतू गाळून काढलेला नुसता द्रव तेथे घातला. पोकळी पुन्हा फुगली! म्हणजे विष होते, आणि ते रक्तात नव्हे तर आतड्यातच आपले काम करीत होते. १९५९ साली ‘नेचर’ नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला.

गंमत अशी, की त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये दत्त, पानसे आणि कुलकर्णी या तिघांनी सशाच्या पिलांवर प्रयोग करून स्वतंत्रपणे तेच विष दाखवून दिले. एक शोध कलकत्त्याचा, एक मुंबईचा. त्याहून चमत्कारिक गोष्ट म्हणजे आतडे बांधण्याची ही रीत १९१५ साली दोन संशोधकांनी वापरली होती, आणि ती छापील कागदाखाली इतकी गाडली गेली की दे यांना ती नव्याने शोधावी लागली.

‘नेचर’सारख्या ठिकाणी छापून येऊनही पहिली काही वर्षे या निबंधाची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही. जिवंत असेपर्यंत दे यांना एकाही भारतीय विज्ञान अकादमीने सदस्यत्व दिले नाही. १९७८ साली स्टॉकहोमच्या नोबेल परिसंवादाचे निमंत्रण आले, तेव्हा त्यांना निवृत्त होऊन पाच वर्षे झाली होती. १९८५ च्या एप्रिलात ते वारले. पुढल्याच वर्षी फिलाडेल्फियाचे यूजीन गारफील्ड यांनी, कोणता निबंध पुढील किती निबंधांनी आधाराला घेतला याची संगणकाने ठेवलेली मोजदाद पुढे ठेवून, पटकीविषयक संशोधनाचा नकाशाच काढला. त्या नकाशाच्या मध्यावर कलकत्त्याचा हा अध्यापक उभा होता. यंत्राने न्याय केला, पण वर्षभर उशिरा.

मी शिकत होतो तेव्हा संदर्भ शोधणे म्हणजे अंगमेहनतीचे काम होते. ‘इंडेक्स मेडिकस’चे जाडजूड खंड फळीवरून उतरवायचे, विषयवार शीर्षकांखालची बारीक अक्षरे वाचायची, वहीत उतरवून घ्यायची, आणि मग परदेशी लेखकाला छापील कार्ड धाडायचे की आपल्या निबंधाची प्रत कृपया पाठवावी. दोन महिन्यांनी निळसर तिकिटाचा लिफाफा येई, तेव्हा वसतिगृहात मिरवावेसे वाटे. ती सूची १८७९ पासून चालत आली होती. १९६४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने तिचे काम संगणकावर चढवले, १९८६ च्या सुमारास दिल्लीत आपल्या वैद्यक संशोधन परिषदेने त्या भांडाराशी जोडणी करून घेतली, आणि १९९७ पासून ‘पबमेड’ या नावाने ते सर्वांना विनामूल्य खुले झाले. छापील खंड २००४ अखेर बंद पडले. आज प्रथम वर्षाचा विद्यार्थी ट्राममध्ये उभ्याउभ्या जे शोधून काढतो, त्यासाठी माझा एक उन्हाळा खर्ची पडला होता. मला याचा हेवा वाटतो, हे प्रांजळपणे कबूल करतो.

परंतु सुलभतेची म्हणून काही दुखणी असतात. विद्यार्थी शीर्षक आणि सारांश वाचतो, निबंध वाचत नाही. बरेचदा तो पैसे मोजल्याशिवाय उघडतही नाही, हा दोष विद्यार्थ्याचा नव्हे. २०२० च्या मे महिन्यात ‘लॅन्सेट’मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनविषयी शेकडो रुग्णालयांच्या आकडेवारीवर आधारलेला म्हणून एक निबंध आला, जगभर त्यावरून औषधांच्या चाचण्या थांबल्या, आणि मूळ आकडे कोणालाच तपासू न दिल्यामुळे दोन आठवड्यांच्या आत तो मागे घ्यावा लागला. अलीकडे तर संगणक स्वतःच वाक्ये रचून उत्तर देतो, आणि कधी कधी न लिहिल्या गेलेल्या निबंधाचा संदर्भही आत्मविश्वासाने देतो. दे यांचा खरा निबंध सापडत नव्हता. आता खोटा निबंध चटकन सापडतो. शोधायला शिकवणे सोपे आहे. संशय घ्यायला शिकवणे हेच आजच्या अध्यापकाचे काम.

पण ज्या प्रसंगामुळे मी हा विषय निवडला, तो याहून साधा आहे. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयातून मला बोलावणे आले: मराठी समजणारे कोणी आहे का? सांगलीकडचे एक गलाई कुटुंब, सोन्याचांदीच्या कामासाठी नुकतेच येथे आलेले. दीड वर्षाचे मूल जुलाबाने आजारी होते आणि तीन दिवस औषधपाणी चालूनही अधिकच खालावत होते. तरुण डॉक्टर हुशार होता, मेहनती होता. मी गेलो तेव्हा तो मोबाइलवर दुर्मीळ कारणांची यादी चाळत होता. संगणकावरील नोंदीत स्वच्छ लिहिले होते, क्षारसंजीवनी चालू आहे. मी त्या माउलीशेजारी बसलो आणि विचारले, “पुडी कशात कालवतेस गं?” ती म्हणाली, “पेल्यात.” लिटरभर पाण्याची पुडी ती एका पेल्यात कालवत होती! म्हणजे मिठाचे प्रमाण चार-पाच पट. पुडीवरच्या सूचना तिला वाचता येणाऱ्या भाषेत नव्हत्या, आणि तिला कोणी विचारलेच नव्हते. मूल त्यातून वाचले, परंतु ती रात्र मी विसरलो नाही. नोंद खोटी नव्हती. तरीही तिच्यात सत्य नव्हते.

आणि हे कोठे घडले? १९७१ साली निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, जेथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यायचे पाणी संपल्यावर लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा असे मिश्रण नातेवाइकांच्याच हाती देऊन मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसवरून चाराच्या खाली आणले, त्या बनगावपासून रेल्वेने दोन तासांच्या अंतरावर. त्यांनी मिश्रणाची रीत पत्रकांवर छापून सीमेवर वाटली. बांगलादेशच्या गुप्त नभोवाणी केंद्रावरूनही ती सांगितली गेली. त्यांचे माहिती तंत्रज्ञान एवढेच होते, पण ते ज्या बाईच्या हातात पेला होता तिच्यापर्यंत पोहोचले.

२०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या नव्या अभ्यासक्रमात आरंभीच्या पायाभूत वर्गात संगणकाबरोबर स्थानिक भाषाही शिकवावी असे ठरले आहे. ठरवणाऱ्याचे मी अभिनंदन करतो. मात्र ‘स्थानिक’ म्हणजे येथे बंगाली. आपल्या आजीचे काय? तिच्या ‘पोटात कालवाकालव होते’, ‘अंगात कसकस आहे’, ‘जीव घाबरा होतो’ यांना संगणकाच्या रकान्यात जागा नाही. बंगाली आजीच्या ‘गा मॅजमॅज’लाही नाही. तो शब्द ऐकून आपल्याला ‘अंग मोडून आले आहे’ हे चटकन कळते, तसे आपले शब्द येथल्या डॉक्टरला कळावेत यासाठी कोणीतरी जुळवाजुळव करायला हवी.

ती मी सुरू केली आहे. एका बाजूस दुखण्याचा मराठी शब्द, मधे बंगाली, पलीकडे डॉक्टरांना कळेल असा अर्थ, अशी एक वही आहे. आतापर्यंत सव्वाशे शब्द झाले. माझ्याकडचे बहुतेक देशावरचे आहेत. कोकणातले आणि विदर्भातले फार थोडे. वही सोबत आणली आहे. चहाच्या वेळी ती दाराजवळच्या टेबलावर असेल, आणि आईआजीच्या तोंडचा जो शब्द आठवेल तो प्रत्येकाने तीत लिहून द्यावा, त्यासमोर आपला गाव लिहायला विसरू नये.