शाळेतला संगणक : फायदे, तोटे आणि व्यासांची अट

(मंडळाच्या पालक सभेतील भाषण)



बाप्पासमोर उभं राहून संगणकाविषयी बोलायचं म्हटलं की महाभारताच्या लेखनाची गोष्ट आठवते. सांगताना मध्ये थांबायचं नाही, ही गणपतीची अट. त्यावर व्यासांनीही अट घातली : समजल्याशिवाय लिहायचं नाही. आज आम्हाला बोलायचं आहे ते या दुसऱ्या अटीबद्दल.

देशातल्या काही निवडक शाळांत १९८४-८५ साली ‘क्लास’ प्रकल्पातून संगणक आले, पण आमच्या शाळेपर्यंत ते काही पोहोचले नाहीत. आम्ही कीबोर्डला पहिल्यांदा हात लावला तो पॉलिटेक्निकमध्ये, बूट दाराबाहेर काढून, एका यंत्रावर तिघं बसून. आज इंदूरच्या कितीतरी शाळांत मुलं लहानपणापासून संगणकावर बसतात, याचा आम्हाला आनंदच आहे.

फायदे खरे आहेत. हृदयातून रक्त कसं फिरतं ते फळ्यावरच्या आकृतीपेक्षा हलत्या चित्रात लवकर कळतं. ज्याला एकदा समजलं नाही, तो तोच धडा चार वेळा पाहू शकतो. मध्य प्रदेशात अनेक सरकारी पदांसाठी सीपीसीटी परीक्षा लागते, तिच्यात हिंदी टायपिंगही असतं. आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे इनस्क्रिप्ट कीबोर्ड हिंदी-मराठीला एकच आहे. ‘ल’च्या बटणावर शिफ्ट दाबलं की ‘ळ’ उमटतो. हिंदी माध्यमात शिकणारं आपलं मूल तेवढ्या शिदोरीवर पुण्याच्या आजीला मराठीत पत्र लिहू शकतं.

आता तोटे. ते आम्ही आमच्याच घरातून सांगतो. आठवीतल्या मुलीला अहिल्यादेवींवर प्रोजेक्ट होतं. रात्री नऊ वाजता आम्हीच कोपऱ्यावरच्या दुकानातून सहा रंगीत पानांची प्रिंट काढून आणली. शाळेत दहापैकी दहा गुण मिळाले. घरी आजोबांनी कौतुकाने विचारलं, “अहिल्यादेवी राज्यकारभार कुठून बघायच्या गं, बाळा?” ती म्हणाली, “इंदूरहूनच ना, आजोबा!” महेश्वरचं नाव तिच्याच प्रोजेक्टच्या तिसऱ्या पानावर छापलेलं होतं. आजोबा काही बोलले नाहीत. मान आमची खाली गेली.

कारण हेच आम्ही कार्यालयात करतो. जुनं पत्र उघडायचं, नाव आणि तारीख बदलायची, की झालं नवं पत्र. एकदा त्यात जुन्याच गावाचं नाव राहून गेलं. कागद परत आला आणि एका वृद्ध अर्जदाराला दोन जादा खेटे पडले. ती चूक संगणकाच्या माथी मारता येणार नाही. न वाचता सही करणारे आम्ही होतो.

२०१५ साली ओईसीडी या अनेक देशांच्या संघटनेने हेच मोठ्या प्रमाणावर पाहिलं. शाळांतल्या संगणकांवर भरपूर खर्च केलेल्या देशांतही वाचन, गणित आणि विज्ञानात मुलांची म्हणावी तशी प्रगती दिसली नाही. शिवाय डोळ्यांवर ताण, मोडलेली झोप आणि ओस पडलेलं मैदान आहेच. २०२०च्या टाळेबंदीत एका मोबाईलवर दोन मुलांची शाळा भरली, तेव्हा ते आपण सर्वांनी अनुभवलं.

मग करायचं काय? आमच्या घरी आता तीन नियम आहेत. माहिती संगणकावर शोधायची, पण प्रोजेक्ट हाताने लिहायचं. लिहून झालं की कागद उलटा ठेवून पाच वाक्यांत आजोबांना सांगायचं. आणि दर वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीबाहेर लांबवर बघायचं. पहिल्या आठवड्यात रडारड झाली, आता आजोबाच वाट बघतात.

शिक्षकांनाही विनंती आहे की गुण रंगीत पानांना नकोत, दोन प्रश्न विचारून द्या. आणि मंडळाच्या वाचनालयात रविवारी एक तास मुलांना मराठी टायपिंग शिकवायचं ठरलं, तर शिकवायला आम्ही येऊ.

संगणक गणपतीसारखाच न थांबता लिहितो. व्यासांची अट मात्र त्याला ठाऊक नाही, ती घरी आपणच घालायची आहे.

गणपती बाप्पा मोरया!