परस्वाधीन माणसाचे ताट



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले की तो पगार, बोनस आणि संप यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती चुकीचीही नाही. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. पण आज आपण वरसेकरांनी बोलावले आहे, तर आम्ही एका ताटाविषयी बोलणार आहोत. जो माणूस म्हातारपणामुळे, आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे दुसऱ्याच्या सांभाळात राहतो, त्याच्या ताटात काय वाढायचे हे कोणी ठरवावे, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

आपण म्हणाल, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? दोन वेळचे गरम अन्न मिळते, यापेक्षा म्हाताऱ्या माणसाला आणखी काय हवे? याच प्रश्नापासून सुरुवात करू.

मुंबईच्या गिरण्यांत कोकणातला चाकरमानी गेला, तेव्हा तो खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर राहिला आणि खानावळीत जेवला. खानावळवाली बाई गरीब, तोही गरीब. तरी महिन्याचे पैसे मोजणारा तो गिऱ्हाईक होता. कालवण पातळ झाले तर बोलत असे, आणि फारच बिघडले तर दुसरी खानावळ धरीत असे. पुढे १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या खानावळवाल्या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, आणि रांधणाऱ्या बाईचे श्रमही हिशेबात धरले जाऊ लागले. तात्पर्य, जेवणाच्या व्यवहारात रांधणाऱ्याला मान हवा आणि जेवणाऱ्याला जीभ हवी. जीभ दोन कामांची आहे: चव घेण्याची आणि बोलण्याची. परस्वाधीन माणसाची ही दोन्ही कामे आपण एकदम बंद करतो.

कारखान्यात आम्ही हे बंद होऊ दिले नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४६ व्या कलमाने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृहाची तरतूद केली. त्याच कलमात पदार्थ कोणते, दर किती, व्यवस्थापन समिती कशी आणि त्या समितीत कामगारांचे प्रतिनिधी कसे, याचे नियम करण्याची सोय होती. २०२० च्या नव्या संहितेने तो अडीचशेचा आकडा शंभरावर आणला. आठ तासांपुरता कारखान्यात येणाऱ्या माणसाला उसळीच्या पातेल्याविषयी बोलण्याचा अधिकार कायद्याने मान्य केला. मग जो चोवीस तास, बाराही महिने एका संस्थेतच राहतो, त्याला तो का नसावा?

आमच्या परिचयातले एक जुने कामगार असेच एका संस्थेत गेले. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही. माणसे वाईट नव्हती. हे गृहस्थ जन्मभर पहाटे उठून चहा आणि तांदळाची भाकरी खाऊन पाळीवर गेलेले. तिथे चहा आठ वाजता, रात्रीचे जेवण साडेसहाला. भेटायला गेलो तेव्हा अन्नाविषयी त्यांची तक्रार नव्हती. ते एवढेच म्हणाले, "भूक लागायच्या आधी जेवतो आणि भूक लागली की झोपतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "जवळ्याची चटणी खाऊन दीड वर्ष झालं." ज्या माणसाने व्यवस्थापकासमोर टेबलावर मूठ आपटून मागण्या मांडल्या होत्या, तो चिमूटभर जवळ्यासाठी कुजबुजत होता. आम्हाला त्या जवळ्यापेक्षा त्या कुजबुजीचे वाईट वाटले.

आता दुसरी बाजू. संस्थेत देणगीदार येतात. कोणाचा वाढदिवस, कोणाच्या वडिलांची पुण्यतिथी. श्रीखंड-पुरी होते, जिलेबी होते. त्या दिवशी मधुमेही आजोबांच्या ताटातही जिलेबी पडते आणि कोणी काही बोलत नाही. पण तेच आजोबा एखाद्या साध्या दिवशी गुळाचा खडा मागतात, तेव्हा सगळ्यांना त्यांचा मधुमेह आठवतो. म्हणजे साखर देणाऱ्याच्या इच्छेने आली तर पुण्य, खाणाऱ्याच्या इच्छेने आली तर पथ्यभंग! अन्नदान करणाऱ्यांचा आम्हाला आदर आहे. आमची विनंती एवढीच की, पैसे देताना पदार्थ ठरवून देऊ नका. "इथल्या मंडळींना विचारून करा," एवढे एक वाक्य पावतीवर लिहून घ्या.

डॉक्टर म्हणतील, मग पथ्याचे काय? पथ्य हवेच. परंतु पथ्य समजावून सांगणे वेगळे आणि पथ्याच्या नावाखाली माणसाला गप्प करणे वेगळे. शहाण्या, कळत्या माणसाला साखरेने काय होते ते त्याच्या भाषेत सांगा. अर्धी जिलेबी खाऊन भात कमी करायचा, की जिलेबी सोडायची, हे त्याला ठरवू द्या. कोणाला गिळताना ठसका लागत असेल, तर तिथे जिवाला धोका आहे. डॉक्टरांनी सांगितलेला मऊपणा मोडू नये. पण मऊ म्हणजे रोज एकच पेज नव्हे. काटे काढलेला मासा मऊ भातात कालवता येतो, वालाचे बिरडे घोटता येते. मर्यादा डॉक्टरांनी आखावी. त्या मर्यादेच्या आत काय खायचे ते माणसाने निवडावे.

आणि "त्यांचीच मर्जी" असे म्हणून हात झटकणे हेही आम्हाला मान्य नाही. कोणी जेवण परत पाठवले, तर कारण शोधले पाहिजे. कवळी टोचते का, तोंड आले आहे का, नव्या औषधाने चव गेली का, की मुलाचे पत्र आले नाही म्हणून घास उतरत नाही? निवडीचा मान राखणे म्हणजे माणसाला उपाशी सोडणे नव्हे.

ज्यांना बोलता येत नाही, ज्यांची स्मृती गेली आहे किंवा बुद्धीची वाढ कमी झाली आहे, त्यांना काय विचारणार, असेही म्हणतात. त्यांना दोन वाट्या दाखवा. चित्र दाखवा. एक घास चाखवा आणि तोंडाकडे पाहा. कोण काय खाताना खुलते आणि कशाला तोंड फिरवते, हे रोज वाढणाऱ्या मावशींना ठाऊक असते. ते वहीत लिहून ठेवा, म्हणजे मावशी रजेवर गेल्या तरी अडणार नाही.

हे आमच्या मनचे मांडे नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे १३ वे कलम सांगते की, आधार देणाऱ्याने आपला अवाजवी दबाव आणू नये आणि त्या व्यक्तीची स्वायत्तता व प्रतिष्ठा जपावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने संस्थेत राहणाऱ्या रुग्णाच्या सकस अन्नाची तरतूद केली आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात दर जिल्ह्याला निदान एक, दीडशे निराधार वृद्धांना पुरेल असा आश्रम योजला आहे. कायद्याने छप्पर दिले, सकसपणा दिला, मानही दिला. रुची मात्र आपणच द्यायची आहे.

अमेरिकेत १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन संशोधक बाईंनी एका वृद्धाश्रमातला प्रयोग प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितले की तुमचे दिवस तुम्ही ठरवा. रोपटे हवे तर निवडा आणि त्याला पाणी घाला. दुसऱ्या मजल्यावर सांगितले की सारे आम्ही पाहू. रोपट्यालाही परिचारिकाच पाणी घालीत. काही आठवड्यांतच पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक उत्साही आणि आनंदी दिसली. आपल्याकडे बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याला आनंदवनाची सुरुवात केली, ती कुष्ठरुग्णांच्या हाती कुदळ देऊन. जो स्वतः विहीर खणतो आणि भाजी पिकवतो, त्याला आपल्या जेवणाबद्दल बोलायला कोणाची परवानगी लागत नाही.

आमच्या या जिल्ह्याला तर हे नव्याने शिकवायला नको. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी पाणी प्याले. तो लढा केवळ तहानेचा नव्हता. कोणी कुठले पाणी प्यावे हे दुसऱ्याने ठरवू नये, यासाठी तो होता.

काही संस्थांत तत्त्व म्हणून मासे शिजत नाहीत. त्यांच्या श्रद्धेचा आम्ही मान राखतो. मग ते प्रवेशाच्या दिवशीच स्पष्ट सांगावे, आणि बाहेर जाऊन खाऊन येणाऱ्याला हिणवू नये. खर्चाचे म्हणाल, तर वाल, अंबाडी, जवळा ही काही श्रीमंताची चैन नव्हे.

शेवटी एक कामाची सूचना. प्रत्येक आश्रमात भोजन समिती असावी, निम्मे सभासद तिथे राहणारे असावेत, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईलाही तिच्यात जागा असावी. महिन्यातून एकदा बसावे. तक्रार करणाऱ्याला "इतके करूनही समाधान नाही" असे कोणी सुनावू नये. सुरुवातीला बहुतेक जण म्हणतील, "काहीही चालेल." विशेषतः म्हाताऱ्या बायका म्हणतील. जन्मभर सगळ्यांना वाढून उरलेले खाल्लेल्या बाईला तिची आवड कोणी विचारलेलीच नसते. त्या उत्तरावर वही मिटू नका. "भाकरी की पोळी? आमटी की सार?" असे लहान प्रश्न विचारा, पुढल्या महिन्यात पुन्हा विचारा. संघटनेत नव्या कामगारालाही पहिली मागणी उच्चारायला वेळ लागतो, हे आम्ही पाहिले आहे.

हे काम करायला मोठा निधी लागत नाही. आपल्यापैकी ज्यांचे कोणी संस्थेत आहे, घरात अंथरुणाला आहे, त्यांनी उद्या सकाळी स्वयंपाकाआधी त्यांच्यापाशी जाऊन विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.