एक संगणक, अनेक वापरकर्ते

एकाच संगणकावर अनेकांनी काम करायचे असेल, तर प्रत्येकाची माहिती वेगळी कशी ठेवावी, या प्रश्नाचे एक विचारपूर्वक उत्तर बेंगळुरूमध्ये शोधले गेले. भारतीय विज्ञान संस्थेतील संगणकशास्त्रज्ञ आणि एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीतील अभियंते यांच्या पुढाकाराने १९९९ मध्ये सिम्प्युटर न्यास स्थापन झाला आणि २००१ मध्ये त्याने लिनक्स प्रणालीवर चालणारा, हातात मावणारा संगणक लोकांसमोर मांडला. त्यात स्मार्ट कार्ड, म्हणजे माहिती साठवणारी चिप बसवलेले कार्ड, घालता येत असे. त्यामुळे गावातील अनेकांनी एकच यंत्र वापरले, तरी प्रत्येकाची खासगी माहिती त्याच्या स्वतःच्या कार्डावर राहावी, अशी योजना होती. २००४ मध्ये तो बाजारात आला, तथापि त्याला अपेक्षित प्रसार लाभला नाही. त्यामागील तत्त्व मात्र आजही मोलाचे आहे.

घरच्या संगणकावर हेच काम वापरकर्त्याचे खाते करते. प्रशासक खात्याला, म्हणजे संपूर्ण यंत्रणेच्या सेटिंग्ज बदलण्याचा अधिकार असलेल्या खात्याला, स्वतंत्र पासवर्ड असावा आणि दैनंदिन कामासाठी मर्यादित अधिकारांचे साधे खाते वापरावे, कारण अशा खात्यातून शिरलेल्या घातक प्रोग्रामला संपूर्ण यंत्रणेवर ताबा मिळवणे अवघड जाते. मराठी कळफलकही प्रत्येक खात्यात स्वतंत्रपणे निवडता येतो. ज्या घरात एकच संगणक अनेक जण वापरतात, तेथे प्रत्येकासाठी वेगळे खाते आजच तयार करावे.