खराटा कोणाच्या हाती?



न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हापासून या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. आम्ही विद्वान नाही. आमची शाळा सातवीतच सुटली. पुढचे शिक्षण बिडी कामगारांच्या बैठकांत आणि गावोगावच्या वाचनालयांत झाले. त्यामुळे आजचा विषयही आम्ही हाताने करण्याचा निवडला आहे. गावातील लोकांनी एकत्र येऊन स्वखुशीने गावचा कचरा कसा काढावा, हा तो विषय. यात व्याख्यान देण्यासारखे काय आहे, खराटा घ्यावा आणि झाडावे, असे तुम्ही म्हणाल. आम्हीही एके काळी असेच म्हणत होतो. त्याचे फळ काय मिळाले ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी याच भागातील एका गावी आम्ही सफाईचा दिवस ठरवला. दवंडी दिली, शाळेची मुले आली, तरुण आले, भाषणे झाली. चार तासांत बाजाराची जागा आरशासारखी झाली. दोन ट्रॅक्टर भरून कचरा निघाला. तो टाकायचा कोठे, याचा विचार मात्र कोणीच केला नव्हता. आम्हीही नाही. ट्रॅक्टर गावाबाहेरच्या नाल्यावर गेले आणि रिकामे होऊन आले. संध्याकाळी नाल्याकाठच्या वस्तीतील एक म्हातारी आमच्यापुढे येऊन उभी राहिली. ती म्हणाली, "भाऊ, तुमच्या दारचा कचरा आमच्या दारी आणून टाकला, याले सफाई म्हणतेत का?"

त्या बाईला द्यायला आमच्याजवळ उत्तर नव्हते. ज्या वस्तीला पिढ्यान्‌पिढ्या गावाची घाण वाहायला लावले, तिच्याच दाराशी आम्ही हार घालून घेऊन पुन्हा घाण नेऊन टाकली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही पाचसहा जण गेलो आणि तो कचरा परत उचलला. त्या दिवशी फोटो काढायला कोणी नव्हते. पण आमची खरी सफाई त्या दिवशी सुरू झाली, असे आम्ही मानतो.

आपल्या भागात ही गोष्ट सोडून देण्यासारखी नाही. भंडारा हा तलावांचा जिल्हा. मालगुजारीच्या काळातले तलाव आणि गावोगावच्या बोड्या यांवर आपले धान उभे आहे. गावात फेकलेली पिशवी मृगाच्या पाण्याबरोबर नाल्यात जाते, नाल्यातून बोडीत आणि बोडीतून बांधीत उतरते. फुटलेली दारूची बाटलीही त्याच वाटेने जाते. रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात अनवाणी उभ्या राहणाऱ्या बाईच्या पायात ती काच शिरते. तिची मजुरी बुडते आणि जखम चिघळली तर दवाखान्याचा खर्च अंगावर येतो. गाय पिशवीसकट शिळे अन्न गिळते. प्लास्टिक तिच्या पोटात साठत जाते आणि जनावर खंगून मरते. म्हणून कचऱ्याचा प्रश्न हा शोभेचा नव्हे, कष्टकऱ्याच्या पायाचा आणि पोटाचा आहे.

दुसऱ्याने येऊन झाडून दिले तर हा प्रश्न सुटत नाही. १९३५ साली गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते. त्यांचे सहकारी शेजारच्या सिंदी गावात रोज सफाईला जात. महादेवभाई देसायांसारखा विद्वान माणूस हाती बादली घेऊन मैला उचलत असे. महिने लोटले, तरी गावकऱ्यांची सवय फारशी बदलली नाही. झाडणारे वेगळे आणि घाण करणारे वेगळे राहिले, तर झाडणाऱ्याचे पुण्य वाढते आणि गाव होते तिथेच राहते.

गाडगेबाबांनी हे ओळखले होते. दिवसा ते गाव झाडीत आणि रात्री त्याच गावापुढे कीर्तनाला उभे राहत. त्यांचे कीर्तन म्हणजे श्रोत्यांना प्रश्न विचारणे. उत्तर लोकांनीच द्यायचे. म्हणजे खराट्याने जमीन आणि प्रश्नाने माणूस, अशी दुहेरी झाडलोट चाले. १९५६ साली बाबा गेले. २००० साली सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले तेव्हा अनेक गावांनी बक्षिसे मिळवली. पण बक्षीस एकदा मिळते आणि कचरा रोज होतो, हे विसरून चालणार नाही.

आता करावे कसे ते सांगतो. संघटना बांधण्याचे जे नियम आहेत, तेच येथे लागू पडतात.

पहिला नियम असा की सभेत हात वर करणारे शंभर असतात आणि सकाळी येणारे दहा. म्हणून दवंडीवर भिसंबू नये. घरी जावे, ओट्यावर बसावे आणि नेमके काम मागावे. "तुम्ही या" म्हटले की कोणी येत नाही. "काकाजी, तुमचे घमेले आणि फावडे घेऊन सहा वाजता पारापाशी या" म्हटले की माणूस येतो.

दुसरा नियम असा की आधी पाहणी करावी, मग झाडावे. वही घेऊन गाव फिरावे. कचरा कोठे पडतो, कशाचा असतो आणि तो तेथे का पडतो, हे लिहून काढावे. चहाच्या टपरीपाशी पेले पडत असतील तर तेथे डबा नाही हे कारण असेल. कारण तसेच राहिले तर आठ दिवसांत जागा पुन्हा भरेल.

तिसरा नियम आम्ही त्या म्हातारीकडून शिकलो. कचरा उचलण्यापूर्वी तो जाईल कोठे ते ठरवावे. पालापाचोळा, शेण आणि शिळे अन्न यांचे खत होते. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी आपल्याच विदर्भात नाडेप खताची रीत घालून दिली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असे विटांचे टाके, भिंतींना हवेसाठी भोके, आत काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर. तीनचार महिन्यांत खत तयार. पुठ्ठा, लोखंड आणि बाटल्या भंगारवाल्याला द्याव्यात. काच वेगळ्या डब्यात ठेवावी, गोणपाटात भरू नये, नाही तर उचलणाऱ्याचा हात कापतो. प्लास्टिक पेटवू नये, त्याचा धूर विषारी असतो. चैत्र-वैशाखात काम सकाळी आठाच्या आत उरकावे. पिण्याचे पाणी, हातमोजे आणि पायात जोडे यांची सोय आधी करावी.

चौथा नियम कामगार चळवळीतला माणूस म्हणून सांगतो आणि तो आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. फुकट श्रम देणाऱ्याने पगारी सफाई कामगाराच्या पोटावर पाय देऊ नये. एका ठिकाणी आम्ही कानांनी ऐकले आहे, "आता लोकच झाडतात, मग झाडणारा माणूस कशाला ठेवायचा?" तेव्हा आम्ही तेथेच खराटा खाली ठेवला. आपले श्रमदान हे वर्षानुवर्षे साचलेल्या ढिगासाठी आणि आपली सवय मोडण्यासाठी आहे. रोजच्या कामाला रोजचा माणूस आणि त्याला वेळेवर वेतन हवेच. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कचरा वेचणाऱ्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. ज्यांना लोक हुसकून लावीत, ते ओळखपत्र घेऊन कामगार म्हणून उभे राहिले. पुढे त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने घरोघरी कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. कचऱ्याचे ज्ञान त्यांच्यापाशी आहे. म्हणून सफाईची बैठक भरेल तेव्हा सफाई कामगाराला सतरंजीच्या कडेला नव्हे, मध्ये बसवा आणि पहिला प्रश्न त्याला विचारा.

आणि शेवटचा हिशेब असा. पहिल्या दिवशी किती ट्रॅक्टर भरले हे आम्ही विचारणार नाही. तिसऱ्या आठवड्याला किती माणसे आली, हे विचारू. संपाच्या पहिल्या दिवशी सगळेच घोषणा देतात. संघटना आहे की नाही, हे पंधराव्या दिवशी कळते.

मृगाला अजून अवकाश आहे. नाले कोरडे आहेत, बोड्या आटल्या आहेत, हीच वेळ आहे. कोंढ्यात एकच नाला घ्या, गावापासून बोडीपर्यंतचा. येत्या रविवारी सकाळी सहा वाजता आम्ही तेथे उभे असू, घमेले आमचे आम्ही आणू. ज्यांना आमचे बोलणे पटले नसेल, त्यांनीही यावे. वाद घालायला आम्हाला आवडते आणि हात चालू असताना वाद फार चांगला होतो.