पिन आणि पंप



‘सध्या काय करतोस?’ असं कालपासून सगळेच विचारताहेत. चार्जरची पिन बॅटरीच्या टोकाला जिथं टेकते, ती जागा मी डिझाइन करतो. तिला आम्ही कॉन्टॅक्ट म्हणतो. एवढ्याशा कामाला इंजिनिअर कशाला, असं वाटेल. पण सरांनी फळ्यावर शिकवलेला ओहमचा नियम इथंच उपयोगी पडतो.

धातूला धातू टेकला, तरी खरा स्पर्श होतो तो काही सूक्ष्म उंचवट्यांवर. चांगल्या कॉन्टॅक्टचा रोध ०.०१ ओहम धरा. २ अँपिअर प्रवाहाला तिथं ०.०४ वॅट उष्णता होते. कळंक चढून रोध अर्धा ओहम झाला, की तीच २ वॅट होते, म्हणजे पन्नासपट. टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत प्लास्टिक वितळायला ती पुरते. वर एक व्होल्ट तिथंच खर्ची पडतो आणि बॅटरी भरायला वेळ लागतो.

म्हणून निव्वळ तांबं चालत नाही. ते वीज उत्तम वाहून नेतं, पण त्याचा ताण लवकर ढिला पडतो. आम्ही फॉस्फर ब्राँझची स्प्रिंग घेतो, वर निकेलचा मुलामा देतो. पिन आत जाताना थोडी घासली जाईल असा आकार ठेवतो, म्हणजे वरचा थर आपोआप खरवडला जातो.

हे आज सांगायचं कारण आपल्या जिल्ह्यातली कपाशी. पाठीवरच्या फवारणी पंपात १२ व्होल्टची बॅटरी असते. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं आपल्या जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. त्याची कारणं अनेक होती, पिनवर खापर फोडता येणार नाही. पण अर्धवट भरलेला पंप तासाभरात बंद पडला, की माणूस औषधानं भिजलेल्या हातांनी तो वावरातच उघडून बसतो. ती वेळ टाळणं माझ्या हातात आहे.

गावाकडच्या मित्रांनो, एवढं करा. पंप धुऊन, पुसून, वाळल्यावरच चार्जिंगला लावा. पिन पॉलिश पेपरनं घासू नका, मुलामा निघून जातो. कोरड्या फडक्यानं पुसा. पिन हाताला गरम लागली, तर तो चार्जर बदला.

सर, तुमचा ओहमचा नियम अजून पोटापाण्याला पुरतो आहे.