नेट स्लो आहे की माणूस?

नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये हेडफोन लावून बसला असाल, तर आजचा भाग तुमच्यासाठीच. विषय ट्रॅफिकचाच आहे, फक्त नेटवर्कवरच्या.

मी चाकण एमआयडीसीतल्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळत होतो. स्टोअरमध्ये बारकोड स्कॅन झाला की एंट्री भोसरीच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर जाते आणि मग डिस्पॅचचं लेबल निघतं. थर्ड शिफ्टला लेबलं रोज उशिरा निघायची. गेटवर गाड्या उभ्या. मीटिंगमध्ये ठरून गेलं, रात्रपाळीचे स्टोअरवाले मामा स्लो आहेत. मामा म्हणायचे, "साहेब, मी स्कॅन करतो, पण स्क्रीनवर चाक फिरतच राहतं." कोणी ऐकलं नाही. खरं सांगतो, मीही नाही. कारण मी दुपारी पिंग मारून बघितलं होतं आणि सगळं ओके होतं.

इथेच गंडलो. रात्रीचा आजार दुपारी तपासला.

मामांची बदली होणार असं कळलं, तेव्हा मात्र चैन पडेना. चाकणमधल्या एका जुन्या मशीनवर उबंटू टाकलं आणि स्मोकपिंग बसवलं. ॲप्टने एका कमांडमध्ये बसतं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे. डिफॉल्ट सेटिंगला ते दर 5 मिनिटांनी प्रत्येक ठिकाणी 20 पिंग पाठवतं. किती परत आले, किती वेळात आले, याचा ग्राफ काढतं. वेळ कमीजास्त व्हायला लागली की रेषेभोवती धुरासारखा करडा पट्टा दिसतो, म्हणून नाव स्मोकपिंग.

आता महत्त्वाचं. टार्गेट्स नावाच्या फाईलमध्ये एकच पत्ता टाकू नका. मी तीन टाकले: कंपनीतला राउटर, इंटरनेटवाल्याचा पहिला गेटवे आणि भोसरीचा सर्व्हर. म्हणजे दुखणं नेमकं कुठे आहे ते कळतं.

चार रात्रींचे ग्राफ बघितले. राउटरची रेष सरळ. पण सव्वाअकरा वाजले की पुढच्या दोन्ही ठिकाणी धूरच धूर, 20 पैकी 5-6 पिंग गायब. म्हणजे कंपनीतून बाहेर जाणारी लाईनच तुंबत होती. कशाने? सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग रोज सव्वाअकराला भोसरीला कॉपी होत होतं. ते शेड्यूल लावलं होतं कोणी? मीच! रात्री लाईन मोकळी असते, असं गृहीत धरून.

उपाय दहा मिनिटांचा होता. कॉपी आरसिंकने होत होती, तिला स्पीडची मर्यादा घातली. पण मर्यादा किती ठेवायची? त्यासाठी लाईनची खरी ताकद माहीत हवी. तिथे आयपर्फ थ्री कामाला येतं. भोसरीत ते सर्व्हर मोडमध्ये चालू केलं आणि चाकणहून टेस्ट मारली. मग उलट दिशेनेही मारली, कारण अपलोड आणि डाउनलोड सारखे असतीलच असं नाही.

दोन गोष्टी सांभाळा. आयपर्फ मोजताना अख्खी लाईन भरून टाकतं, म्हणून चालू शिफ्टमध्ये ते नको. आपल्याकडे गुरुवारी सुट्टी असते, मी तेव्हाच चालवलं. दुसरं, त्याचा 5201 पोर्ट जगाला उघडा ठेवू नका. फायरवॉलमध्ये फक्त आपल्या आयपीला परवानगी द्या आणि काम झालं की बंद करा. स्मोकपिंग मात्र कायम चालू ठेवा. त्याचं ओझं जवळपास नाहीच, आणि जुना ग्राफ असला तरच आजचा बिघाड ओळखू येतो.

पुढच्या मीटिंगला मी ग्राफ दाखवला आणि शेड्यूल माझंच होतं हेही सांगितलं. मामांची बदली थांबली. त्यांना सॉरी म्हणायला स्टोअरमध्ये गेलो, तर म्हणाले, "चहा घेणार का? आता चाक फिरत नाही."

तेव्हा मंडळी, कुणाला स्लो म्हणायच्या आधी मोजा. आणि ज्या वेळी त्रास होतो, त्याच वेळी मोजा. भेटू पुढच्या भागात!