तरुण तारे आणि दीर्घिकेचा जमाखर्च

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेने आम्हाला विज्ञानावर बोलायला सांगितले याचे काहींना नवल वाटले असेल. आम्ही कला शाखेचे पदवीधर, पोटासाठी बँकेत कारकुनी करणारे. पण आकाश काही फक्त विज्ञान शाखेच्या मुलांच्या नावावर केलेले नाही. शिवाय आजचा विषय हिशेबाचा आहे आणि हिशेब हा आमचा रोजचा धंदा. ताऱ्यांच्या जगात वायूची जमा किती, खर्च किती आणि नवे जन्मलेले तारे आपल्याच घरातला वायू बाहेर कसा लोटतात, एवढेच आज मांडायचे आहे.

आपला सूर्य ज्या तारकासमूहात आहे त्याला आपण आकाशगंगा म्हणतो. अशा अब्जावधी ताऱ्यांच्या प्रचंड समूहाला दीर्घिका म्हणतात. दीर्घिकेत तारे असतात, तसाच ताऱ्यांच्या मधल्या जागेत विरळ वायू असतो, मुख्यतः हायड्रोजन. हा वायू थंड होऊन दाट झाला की स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसतो आणि त्यातून तारे जन्मतात. म्हणजे वायू हे दीर्घिकेचे भांडवल होय.

आता हिशेब पाहा. आपल्या आकाशगंगेत तारे घडवण्याजोगा थंड, दाट वायू सुमारे एक अब्ज सूर्यांच्या वजनाइतका आहे. हा वायू स्वतःच्या वजनाने बिनविरोध कोसळला असता, तर दर वर्षाला शंभराहून जास्त सूर्यांच्या वजनाचे तारे तयार झाले असते. प्रत्यक्षात होतात ते एक-दोन सूर्यांच्या वजनाचे. खात्यात रक्कम आहे, काढणारा उभा आहे, तरी पैसे निघत नाहीत. याचा अर्थ कुठेतरी अडवणूक आहे. वायूतली खळबळ आणि चुंबकीय बल ही तिची काही कारणे. पण एक फार मोठे कारण खुद्द नवजात तारेच आहेत.

सगळे तारे सारखे नसतात. सूर्य मध्यम तारा आहे. त्याचे वय सुमारे ४.६ अब्ज वर्षे असून अजून जवळपास तेवढाच काळ तो तेवत राहील. पण सूर्याच्या तीसपट वजनाचा तारा सूर्याच्या लाखपट तेजाने जळतो आणि साठ-सत्तर लाख वर्षांत संपतो. ज्या वायूच्या ढगात तो जन्मतो तो ढग पुरता पांगण्याआधीच त्याचे आयुष्य सरते. अशा अल्पायुषी ताऱ्यांची संख्या थोडी, पण गावभर गडबड त्यांचीच.

ही गडबड तीन प्रकारांनी होते. पहिला प्रकार प्रकाशाचा. या ताऱ्यांचा अतिनील प्रकाश भोवतालच्या हायड्रोजनचे अणू फोडतो, त्याला सुमारे दहा हजार अंशांपर्यंत तापवतो आणि तापलेला वायू फुगू लागतो. प्रकाश धुळीच्या कणांवर आदळून त्यांना ढकलतो ते वेगळेच. दुसरा प्रकार वाऱ्याचा. हे तारे आपल्या पृष्ठभागावरून सेकंदाला दोन-तीन हजार किलोमीटर वेगाने वायू फेकत असतात. तिसरा प्रकार मृत्यूचा. सूर्याच्या साधारण आठपटीहून जड तारा शेवटी स्फोट होऊन फुटतो. त्याला सुपरनोव्हा, मराठीत अतिनवतारा म्हणतात.

यातला दुसरा प्रकार कुठे घडतो ते ट्रॉम्बेच्या गच्चीवरूनही दाखवता येते. आपल्याकडच्या दिव्यांच्या झगमगाटात आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही हे खरे. पण हिवाळ्यात मृग नक्षत्र स्पष्ट दिसते. त्यातल्या एका ओळीतल्या तीन ताऱ्यांच्या खाली काही मंद ताऱ्यांची छोटी रांग आहे. तिच्या मध्यभागी धूसर ठिपका दिसतो, साध्या द्विनेत्रीतून तर नक्कीच. हा मृगातला तेजोमेघ, आपल्यापासून सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर. तिथे या क्षणीही तारे जन्मत आहेत. विमानात बसवलेल्या सोफिया नावाच्या दुर्बिणीतून त्याची पाहणी झाली आणि २०१९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिथल्या एका जड ताऱ्याच्या वाऱ्याने भोवतालचा वायू झाडून मोठा बुडबुडा तयार केला आहे आणि त्याचे कवच सेकंदाला सुमारे १३ किलोमीटर वेगाने फुगते आहे. त्या पट्ट्यात पुढे जन्मू शकणाऱ्या ताऱ्यांचे भांडवल त्या एकट्या ताऱ्याने उधळून लावले आहे.

एकच अतिनवतारा फुटला तर त्याची उष्णता काही काळाने भोवतालच्या वायूत विरून जाते. पण तारे एकेकटे क्वचित जन्मतात, झुंडीने जन्मतात. एका झुंडीतले शेकडो जड तारे काही लाख वर्षांच्या अंतराने फुटत गेले की पहिल्याची पोकळी थंड व्हायच्या आत दुसऱ्याचा स्फोट त्याच पोकळीत होतो. ऊर्जा साठत जाते. घरातल्या भगिनींना हे लगेच कळेल. भाताच्या पातेल्यात वाफ कोंडली की शेवटी झाकण उचलते, आणि वाफ सुटते ती वरच्या बाजूने. दीर्घिकाही चपट्या तबकडीसारखी असते. तबकडीच्या पातळीत वायू दाट, वर-खाली विरळ. म्हणून कोंडलेला तप्त वायू तबकडीला छेदून वर आणि खाली उसळतो, माहुलकडच्या रिफायनऱ्यांच्या चिमण्यांतून धूर निघावा तसा.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण सप्तर्षींच्या दिशेला आहे. एम-८२ नावाची दीर्घिका, अंतर सुमारे एक कोटी वीस लाख प्रकाशवर्षे. १९६३ साली लिंड्स आणि सँडेज या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, तिच्या मध्यातून वायूचे धागे दोन्ही बाजूंना वेगाने बाहेर पडत आहेत. मध्यभागी एखादा प्रचंड स्फोट झाला असावा असा त्यांचा अर्थ होता. पुढच्या संशोधनातून कळले की तो एक स्फोट नव्हता, ती असंख्य तरुण ताऱ्यांची एकत्रित करणी होती. शेजारच्या एम-८१ या मोठ्या दीर्घिकेच्या ओढीने एम-८२ मधला वायू मध्याकडे लोटला गेला आणि तिथे ताऱ्यांचे पीक आले. आपल्या आकाशगंगेहून कितीतरी लहान असूनही ती दर वर्षाला सुमारे दहा सूर्यांच्या वजनाचे तारे घडवते. तिथून निघणारे धागे सेकंदाला पाचशे-सहाशे किलोमीटर वेगाने धावतात आणि त्यांच्या आतला वायू कोट्यवधी अंश तापलेला असून क्ष-किरणांत झळकतो.

बाहेर पडलेला सगळा वायू कायमचा जात नाही. मोठ्या दीर्घिकेचे गुरुत्वाकर्षण जबर असल्याने बराचसा वायू कारंज्यासारखा परत खाली येतो. लहान दीर्घिकेची पकड सैल, तिचे भांडवल निसटून जाते. लहान दीर्घिकांत तारे इतके कमी का, याचे हे एक मोठे उत्तर मानले जाते. अतिप्रचंड दीर्घिकांत मात्र मध्यावरच्या कृष्णविवराचा हात जास्त असतो. वायू लोटण्यात प्रकाशाचा दाब, तप्त वायू आणि विश्वकिरण यांचा वाटा किती किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे.

हे सगळे परदेशातच शोधले जाते असे कोणी समजू नये. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश मिळून ती एक दुर्बीण होते. त्या अवजड डिश हव्या त्या दिशेला वळवणारी यंत्रणा आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात घडली.

या दुर्बिणीने २०२० साली आमच्या धंद्यातले काम करून दाखवले. पुण्याचे आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि बंगळुरूचे त्यांचे सहकारी यांनी आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतला हायड्रोजन मोजला. एकेका दीर्घिकेचा संदेश इतका क्षीण की हाती लागेना. तेव्हा त्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकत्र मिळवले. पतपेढीत गरिबांच्या दहा-दहा रुपयांची मोठी ठेव होते, तसेच हे. उत्तर असे आले की, त्या दीर्घिका ज्या वेगाने तारे घडवत होत्या त्या वेगाने त्यांचा हायड्रोजन एक-दोन अब्ज वर्षेच पुरला असता. खर्च मोठा आणि बाहेरून येणारी नवी जमा अपुरी. म्हणून पुढे विश्वातली ताऱ्यांची निर्मिती मंदावली. एके काळी ती शिखरावर होती, आज ती त्याच्या दशांशावर आहे.

भाभा केंद्राने लडाखमध्ये हानले येथे सुमारे ४,३०० मीटर उंचीवर मेस नावाची गॅमा-किरण दुर्बीणही उभारली आहे. तिचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. एम-८२ सारख्या दीर्घिकेतून गॅमा किरण येतात हे २००९ साली अमेरिकेतल्या दुर्बिणीने दाखवले होते. त्याच जातीचे काम आता आपल्या देशात होऊ शकते.

मग या सगळ्याशी आमचा-तुमचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो रक्ताचा आहे. विश्वाच्या आरंभी हायड्रोजन आणि हेलियम यांखेरीज फारसे काही नव्हते. आपण श्वासातून घेतो तो ऑक्सिजन मुख्यतः जड ताऱ्यांच्या पोटात शिजला. रक्तातले लोखंड फुटलेल्या ताऱ्यांतून आले. तारे फुटले नसते, वाऱ्याने ते द्रव्य पसरले नसते, तर पृथ्वी घडली नसती आणि आपणही नसतो.

बँकेच्या काउंटरवर आम्ही पाहतो. मुलीला मंगळ आहे म्हणून कोणी मुदतीआधी ठेव मोडतो, कोणी साडेसातीच्या शांतीसाठी कर्ज मागतो. त्या ठेवीत मुलीच्या कॉलेजची फी होती. ताऱ्यांचा आपल्यावर परिणाम होतो का? होतो, पण तो कुंडलीतून होत नाही, तो आपल्या हाडामांसाच्या द्रव्यातून झालेला आहे. तो मोजता येतो, तपासता येतो आणि त्यासाठी कोणाला दक्षिणा द्यावी लागत नाही. सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, ही शिकवण या सभागृहाला नवी नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या वस्तीतून रोज कितीतरी माणसे त्या केंद्राच्या फाटकावरून जातात. आत काय चालते ते आपल्यासाठी नाही अशी समजूत लहानपणीच मनात बसते. ती काढून टाका. गणित पक्के करा, भौतिकशास्त्राची भीती बाळगू नका, आणि पालकांनी ठेव मोडायचीच झाली तर ती पुस्तकांसाठी मोडावी. या हिवाळ्यात गच्चीवर जाऊन मृगातला तो धूसर ठिपका घरच्यांना दाखवा आणि तो काय आहे ते त्यांना समजावून सांगा.